पिवळ्या दिव्याखालची कवडी : एका झटपट निर्णयाचे प्रकरण

परभणी जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये दिवाळीनंतरच्या आवकीत एक तक्रार उभी राहिली. सूतगिरणीकडे गेलेल्या गाठींच्या रुईत पिवळे डाग निघाले. याचा अर्थ, कवडी सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यापर्यंत पोहोचत होती आणि कापूस पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यापाशी बसून ती काढून टाकण्याचे काम ज्या बायकांकडे होते, त्यांच्या हातून ती सुटत होती. बोंडअळीने किंवा अवेळी पावसाने खराब झालेल्या, नीट न उमललेल्या बोंडातला पिवळट, चिकटलेला कापूस म्हणजे कवडी. ती शेतातच वेगळी वेचावी असे सगळेच सांगतात, पण वेचणीला माणसे मिळत नाहीत तेव्हा ती चांगल्या कापसातच येते आणि शेवटी जिनिंगमधल्या निवडणीवर भार पडतो.

मुकादमाचे निदान असे होते की बायका गप्पा मारतात. मालकाचे निदान जरा सौम्य होते. सर्वांत जुन्या कामगार, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांचे वय झाले आणि बाकीच्या त्यांच्याकडे पाहून काम करतात, असे त्यांचे म्हणणे पडले. या दोन्ही निदानांनुसार उपायही झाले. मुकादम पट्ट्याच्या डोक्याशी उभा राहून ओरडू लागला. त्यामुळे काम सावकाश होऊन गंजी साचू लागली, म्हणून मालकांनी पट्ट्याचा वेग वाढवला. डाग मात्र येतच राहिले. माझ्या एका विद्यार्थ्याची आई या निवडणीवर होती आणि मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, एवढ्या धाग्यावर हे प्रकरण माझ्याकडे आले.

पहिल्या भेटीत एक गोष्ट लक्षात आली, जी कोणाच्याच निदानात नव्हती. त्या हंगामापासून निवडणी जुन्या, उत्तरेकडून उघड्या असलेल्या पत्र्याच्या ओसरीतून नव्या बंदिस्त गोदामात हलवली होती आणि तिथे आवारात लावतात तसे सोडियमचे पिवळे दिवे होते. मी अक्कांना विचारले की या उजेडात कापूस पिवळा दिसत असेल, त्यामुळे घोटाळा होतो का. त्या म्हणाल्या, "उलटंच हाय सर. इथं सगळाच कापूस पांढरा दिसायलाय."

हे वाक्य मला आधी चुकीचे वाटले आणि नंतर संपूर्ण प्रकरणाची किल्ली तेच ठरले. पांढरा कापूस निळ्या बाजूचा प्रकाश परत फेकतो, डागाळलेला कापूस तो बराचसा शोषतो, आणि आपल्याला जो पिवळेपणा दिसतो तो मुख्यतः याच फरकाचा असतो. सोडियमच्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच फार थोडा असल्याने चांगला कापूस आणि कवडी या दोघांकडूनही डोळ्यापर्यंत जवळपास सारखाच प्रकाश येतो. डोळा काही मिनिटांत त्या दिव्याला सरावला की सारे पुन्हा पांढरे वाटू लागते. म्हणजे पाहणाऱ्याला आपण कमी पाहतो आहोत अशी शंकासुद्धा येत नाही. कापसाची प्रत ठरवणारे जुने जाणकार उत्तरेच्या खिडकीचा उजेड का मागत, हेही यातून कळते.

पण दिव्याकडे बोट दाखवून मालकांचे समाधान होण्यासारखे नव्हते. "दिवे सगळ्यांना सारखेच आहेत, मग अक्काच का मागे पडतात?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. निष्काळजीपणा, वय आणि उजेड ही तीन कारणे एकमेकांपासून वेगळी काढायची, तर चुका मोजणे पुरेसे नव्हते, कारण तिन्हींनी चुका वाढू शकतात. चुकांबरोबर वेळही मोजणे भाग होते.

माणूस दृश्याचे वर्गीकरण किती झटपट करतो याचा अंदाज १९९६ मध्ये सिमॉन थॉर्प आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने चांगला आला होता. छायाचित्र केवळ २० मिलिसेकंद दाखवून त्यात प्राणी आहे की नाही हे विचारले असता, मेंदूच्या विद्युतलहरींत दोन प्रकारच्या चित्रांमधला फरक सुमारे १५० मिलिसेकंदांतच दिसू लागला. पट्ट्यावरची बाई एका पुंजक्यावर नजर टाकून हात हलवते तेही असेच, विचार केला असे म्हणायला जागा राहू नये इतक्या वेगाने. तरीही त्या अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आत काही टप्पे असतात आणि ते गणिताने वेगळे काढता येतात. रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये स्मरणातील ओळखीसाठी मांडलेले डिफ्यूजन प्रतिमान आज या कामासाठी सर्वांत जास्त वापरले जाते.

त्याची कल्पना अशी. डोळ्याकडून येणारा पुरावा एकदम पुरा मिळत नाही. तो क्षणाक्षणाला थोडा थोडा, आणि गोंगाट मिसळून येतो. मन तो साठवत जाते. साठा एका बाजूच्या उंबरठ्याला टेकला की 'चांगला', दुसऱ्या बाजूच्या उंबरठ्याला टेकला की 'कवडी'. पुरावा सरासरीने किती जोराने योग्य बाजूकडे सरकतो हा त्याचा वेग. दोन उंबरठ्यांमधले अंतर म्हणजे निर्णय घेणाऱ्याची सावधगिरी. साठा कुठून सुरू होतो तो आरंभबिंदू, म्हणजे आधीचा कल. आणि पुंजका नजरेत यायला व हात हलायला लागणारा काळ म्हणजे निर्णयेतर वेळ.

यामागचे गणित कारखान्याला परके नाही, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. पुरावा एकेक करून पाहत जायचा आणि पुरेसा झाला की थांबायचे, ही क्रमिक चाचणी अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मालाची तपासणी कमी नगांत उरकावी म्हणून विकसित केली. हेच वाल्ड १९५० च्या डिसेंबरात भारताच्या व्याख्यान दौऱ्यावर असताना निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात गेले. माल तपासण्याचे गणित आधी माणसाच्या मनाचे प्रतिमान झाले आणि मी ते पुन्हा माल तपासणाऱ्या माणसाकडे घेऊन चाललो होतो.

आता प्रतिमान आपल्या प्रश्नाला काय उत्तर देते ते हिशेबाने पाहू. पुढचे आकडे अक्कांचे नाहीत, सूत्रातून काढलेले नमुन्याचे आकडे आहेत. समजा, गोंगाटाचे मान प्रघाताप्रमाणे ०.१, पुराव्याचा वेग ०.२५, उंबरठ्यांमधले अंतर ०.१४, निर्णयेतर वेळ ०.३५ सेकंद आणि आरंभबिंदू मधोमध आहे. मग बरोबर निर्णय ९७ टक्के येतात आणि सरासरी वेळ ०.६१ सेकंद लागतो. आता निष्काळजीपणा आणू, म्हणजे अंतर ०.०८ करू. बरोबर निर्णय ८८ टक्क्यांवर घसरतात, पण वेळ ०.४७ सेकंदांवर येतो. उलट अंतर ०.२० केले तर अचूकता ९९.३ टक्के होते आणि वेळ ०.७४ सेकंद. निष्काळजी माणूस चुकतो, पण लवकर उरकतो. सावध माणूस उशीर करतो, पण चुकत नाही. सावधगिरी बदलली की वेळ आणि चुका विरुद्ध दिशांना जातात.

आता अंतर पहिल्यासारखे ०.१४ ठेवू आणि उजेड बिघडवू, म्हणजे पुराव्याचा वेग ०.१५ करू. अचूकता ८९ टक्के होते आणि वेळ ०.७१ सेकंद. चुकांचा आकडा निष्काळजी माणसाच्या जवळपास तेवढाच आहे, पण वेळ वाढलेला आहे. चुकांची वही पाहून या दोघांत फरक करता येणार नाही, घड्याळ पाहून येईल. या बाईला पुन्हा ९७ टक्क्यांवर आणायचे असेल तर तिची सावधगिरी ०.२३ च्या वर न्यावी लागेल आणि मग एका पुंजक्याला १.०८ सेकंद लागतील, म्हणजे पहिल्यापेक्षा सुमारे पावणेदोन पट. मुकादमाच्या ओरडण्याचा अर्थ नेमका हा होता. पुराव्याची अडचण तो सावधगिरी वाढवून भरून काढायला सांगत होता, आणि त्याच वेळी पट्ट्याचा वेग वाढवून त्या सावधगिरीला लागणारा वेळ काढून घेतला जात होता.

मोजणीची तयारी साधी होती. मेजावर काळे कापड, त्यावर एकेक पुंजका, त्यावर पत्र्याचे झाकण, पुंजक्याखाली क्रमांकाची चिठ्ठी. झाकण उचलले की अक्कांनी तो डावीकडे सारायचा, म्हणजे चांगला, किंवा उजवीकडे, म्हणजे कवडी. वर बांबूला बांधलेला मोबाइल सेकंदाला ३० चौकटींनी चित्रण करत होता, म्हणजे एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. एका निर्णयासाठी हे माप भरड आहे, पण शेकडो निर्णयांच्या सरासरीसाठी चालते. पुंजका खरोखर कवडी आहे की नाही हे ठरवायला तीन जाणत्यांनी दुपारच्या उन्हात स्वतंत्रपणे निवड केली. तिघांचे ज्यावर एकमत झाले तेच पुंजके आम्ही हिशेबात धरले आणि मतभेदाचे वेगळ्या पिशवीत ठेवले. (ती पिशवी पुढे कामाला आली.) अक्का आणि आणखी तिघी, त्यांतल्या दोघी विशीतल्या, जुन्या ओसरीत आणि नव्या गोदामात तेच पुंजके वेगवेगळ्या क्रमाने पाहत गेल्या.

चार जणी आणि एक मोबाइल यांतून टक्केवारी छापण्यात अर्थ नाही, दिशा मात्र स्पष्ट होती. चौघींच्याही बाबतीत गोदामात चुका वाढल्या आणि वेळही वाढला. हे एकत्र वाढणे पुराव्याचा वेग मंदावल्याचे लक्षण आहे, निष्काळजीपणाचे नाही. अक्कांचे वेळ चौघींत सर्वांत मोठे होते हे खरे, पण ओसरीतही ते मोठेच होते आणि तिथे त्यांच्या चुका सर्वांत कमी होत्या. रॅटक्लिफ, थापर आणि मॅकून यांनी साठी ओलांडलेल्या लोकांवर जे अभ्यास केले त्यांत पुष्कळदा हेच आढळले होते की वयाने येणारा संथपणा बहुतांशी वाढलेल्या सावधगिरीचा आणि हाता-डोळ्याच्या वेळेचा असतो, पुरावा वाचण्याची ताकद तेवढी कमी झालेली नसते.

गोदामात अक्कांची घसरण इतरांपेक्षा जास्त होती, हे मात्र लपवून चालणार नाही. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश आणखी गाळते. दिव्यातच निळे थोडे, त्यातले भिंगाने आणखी थोडे सोडले, तर उरणार काय? मालकांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. वयाचा परिणाम होता, पण तो त्या दिव्याखालीच उघडा पडत होता. ओसरीतल्या उजेडात तो दिसला नसता आणि मागच्या अनेक हंगामांत तो कोणाला दिसलाही नव्हता.

सर्वांत जलद प्रतिक्रिया वेगळ्या काढून पाहिल्या तर त्या दोन्ही जागी जवळपास सारख्या होत्या. निर्णयेतर वेळ बदलला असता तर या प्रतिक्रियाही उशिरा सरकल्या असत्या. लांबली होती ती वितरणाची शेपटी, म्हणजे कठीण पुंजक्यांवर रेंगाळणे. गोदामातला नवा पट्टा जुन्यापेक्षा रुंद होता, पण मेजावर हात सारण्याचे अंतर सारखेच असल्याने त्या रुंदीचा परिणाम या मोजणीत येणारच नव्हता. तो प्रत्यक्ष कामात असेल, आणि असावा असे मला वाटते.

मेज आणि पट्टा यांतला खरा फरक मात्र वेगळाच आहे आणि या प्रकरणातला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेजावर अक्कांना डावे किंवा उजवे काहीतरी निवडावेच लागते. पट्ट्यावर तसे नाही. कवडी ठरली तर हात पुढे जाऊन पुंजका टोपल्यात पडतो. चांगला ठरला तर काहीच करायचे नसते. आणि काहीच ठरले नाही, साठा अजून मधेच लोंबकळत असताना पुंजका पुढे सरकला, तरीही काहीच केले जात नाही. पट्ट्याच्या हिशेबात अनिर्णय हा 'चांगला' या निर्णयात जमा होतो. त्यामुळे पुराव्याचा वेग मंदावला आणि पट्ट्याचा वेग वाढला की चुका दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या जात नाहीत. त्या जवळजवळ सगळ्या एकाच बाजूला जातात, ती म्हणजे सुटलेली कवडी. टोपल्यात चांगला कापूस वाया जातो अशी तक्रार त्या हंगामात एकदाही झाली नाही, ती याचमुळे. मुकादमाने मात्र याचा अर्थ असा लावला होता की बायका हातच हलवत नाहीत.

त्यात आणखी एक भर. मेजावर आम्ही निम्मे पुंजके कवडीचे ठेवले होते, पण पहिल्या वेचणीच्या कापसात कवडी विरळ असते. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले होते की शोधायची वस्तू निम्म्या दृश्यांत असेल तर ती सुमारे ७ टक्के वेळा सुटते आणि १ टक्का दृश्यांतच असेल तर सुमारे ३० टक्के. बराच वेळ चांगलाच कापूस पाहिलेल्या नजरेचा आरंभबिंदू चांगल्याच्या उंबरठ्याजवळ सरकलेला असतो. म्हणून मेजावरचे निकाल पट्ट्यावरच्या कामाची बाजू जरा उजळ करून दाखवतात, हे मालकांना अहवालात स्पष्ट लिहून दिले.

कवडी ओळखायची कशी, हे अक्कांनी नव्या मुलींना कधी शब्दांत सांगितलेले नाही. शेजारी बसवायचे आणि हात पाहायला लावायचा, हीच त्यांची रीत. रॉबर्ट नोसोफस्की आणि थॉमस पाल्मेरी यांनी १९९७ मध्ये मांडलेले प्रतिमान या रीतीशी चांगले जुळते. त्यांच्या मते वर्गाची व्याख्या मनात नसते, पूर्वी पाहिलेले नमुने असतात. समोरची वस्तू त्यांतल्या मिळत्याजुळत्या नमुन्यांना जागे करते, आणि जो नमुना आधी जागा होईल तो साठ्याला आपल्या वर्गाकडे एक पाऊल ढकलतो. हंगामामागून हंगाम साठवलेले नमुने असतील तर पावले भराभर पडतात. परंतु अक्कांचे सगळे नमुने ओसरीतल्या उजेडातले होते. गोदामातला पुंजका त्यांतल्या कवडीलाही मिळताजुळता आणि चांगल्यालाही, म्हणून पावले कधी इकडे, कधी तिकडे. नव्या मुलींनी कापूस पाहिला तोच मुळी गोदामात, त्यामुळे त्यांची घसरण कमी असण्याला भिंगाशिवाय हेही एक कारण असू शकते. चौघींच्या नोंदींवरून या दोन कारणांची वाटणी करता आली नाही.

मालकांनी सगळे दिवे बदलले नाहीत. पट्ट्यावरचे तेवढे काढून तिथे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाच्या नळ्या बसवल्या आणि पट्ट्याचा वेग पूर्वीइतका केला. दोन्ही बदल एकाच दिवशी झाल्याने कशाने किती फरक पडला हे सांगण्याची सोय राहिली नाही. संशोधक म्हणून मला त्याचे वाईट वाटले, पण हंगाम चालू असलेल्या कारखान्याने माझ्यासाठी थांबावे अशी अपेक्षाही नव्हती. पुढच्या खेपांबद्दल गिरणीकडून डागांची तक्रार आली नाही. मुकादमाच्या मते तो त्याच्या ओरडण्याचा परिणाम आहे.

जानेवारीत फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला, कापूस येऊ लागला, त्यात कवडी भरपूर. मतभेदाची ती पिशवी मी तेव्हा पुन्हा काढली, कारण नमुन्यांचे प्रतिमान खरे असेल तर एवढी कवडी पाहिल्यावर सीमेवरचे पुंजके आता जास्त वेळा कवडी ठरायला हवे होते. ओसरीतल्याच उजेडात अक्कांनी ते पाहिले आणि उलट घडले. नोव्हेंबरात ज्यांना उजवीकडे सारले होते त्यांतले बरेच पुंजके त्यांनी डावीकडे सारले. डेव्हिड लेव्हारी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये दिलेला प्रयोग याच्याशी जुळतो. निळे ठिपके विरळ केले तसे लोक जांभळ्या ठिपक्यांनाही निळे म्हणू लागले होते, म्हणजे वस्तू विरळ झाली की तिचा वर्ग रुंदावतो, आणि आमच्याकडे ती दाटली तसा अरुंद झाला. पण मग विरळ वस्तू सुटते हे वुल्फ यांचे निरीक्षण आणि हे, दोन्ही एकाच पट्ट्यावर कसे बसवायचे? माझा अंदाज असा की पहिले हात पुढे जाण्यासंबंधी आहे, म्हणजे आरंभबिंदूचे, आणि दुसरे पुराव्याचा कौल कोणत्या बाजूने मोजायचा त्या शून्याच्या रेषेचे आहे. हे दोन वेगळे काढायचे तर हंगामाच्या सुरुवातीपासून दर आठवड्याला तीच पिशवी तशीच पुढे ठेवावी लागेल. अक्कांना मी त्यांच्या नोव्हेंबरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी एक पुंजका बोटांत फिरवून पाहिला. "तव्हा ही कवडी होती सर. आता ह्याला कवडी म्हणलं तर पट्ट्यावर राहायलंय काय?"